पार्श्वभूमी: वाळवंटातल्या छोट्या मँगनीज खाणी आणि 1959 चा पूर्णविराम

पश्चिम ॲरिझोना आणि त्याला लागून असलेल्या मोहावी वाळवंटात डोंगरउतारांवर काळपट चर दिसतात. शेजारी एखादा उभा शाफ्ट (खाणीत उतरणारी विहिरीसारखी वाट), खाली उपसलेल्या दगडांचा डंप, आणि जवळपास वस्तीची खूण नाही. पोलाद बनवायला लागणाऱ्या मँगनीज या धातूच्या या छोट्या खाणी. त्या खोल कधीच गेल्या नाहीत, आणि त्याचं कारण निम्मं खडकात आहे, निम्मं सरकारी दरपत्रकात.

खडकाचं आधी. इथले डोंगर बरेचसे तृतीयक काळातल्या ज्वालामुखी खडकांचे. भूकवच ताणलं गेलं, भ्रंश (खडक तुटून सरकल्याच्या भेगा) पडले आणि त्या फटींतून गरम पाणी वर आलं. चुरा झालेल्या दगडांच्या मधल्या जागांत सायलोमेलेन, पायरोल्युसाइट ही मँगनीजची ऑक्साइडं भरली. सोबत काळं कॅल्साइट, बराइट, सिलिका. अशी खनिजाने भरलेली फट म्हणजे शीर; ती कुठे हातभर रुंद, तर थोड्याच अंतरावर बोटभर. हे मँगनीज खालून आलं की पावसाच्या पाण्याने वरच साठवलं, यावर बराच वाद झाला. वरचं असेल तर खाली खोदण्यात अर्थ नाही, म्हणून प्रश्न पुस्तकी नव्हता. ऑक्साइडांत सापडणाऱ्या टंगस्टन, बेरियम, शिसं यांच्या अंशांवरून अनेक शिरांचं पारडं खालून आलेल्या गरम पाण्याकडे झुकलं. आर्टिलरी डोंगरातले साठे वेगळे: तिथे मँगनीज जुन्या खोलगट भागातल्या गाळाच्या थरांत आहे, प्रचंड पण फारच हलक्या ग्रेडचं, म्हणजे दगडात मँगनीजचं प्रमाण अगदी कमी.

पहिल्या महायुद्धात रशियाचा माल अडला, भाव चढले, वाळवंटात खोदाई सुरू झाली. 1918 च्या शस्त्रसंधीनंतर भाव कोसळले आणि 1919 मध्ये खाणवाल्यांसाठी नुकसानभरपाईचा कायदा करावा लागला. दुसऱ्या महायुद्धात त्याचीच छोटी आवृत्ती. खरी गर्दी झाली ती नंतर. 1940 च्या दशकाअखेरीस सोव्हिएत पुरवठा आटला, भारतीय मँगनीजवरचं अवलंबित्व वाढलं, कोरियात युद्ध पेटलं. 1950 च्या संरक्षण उत्पादन कायद्याखाली देशी मँगनीज सरकारने बाजारभावाच्या बऱ्याच वर खरेदी करायचं ठरलं.

खरेदीचे दोन मार्ग होते आणि छोट्या खाणवाल्याचं नशीब या फरकावर ठरलं. वेंडन (ॲरिझोना), डेमिंग (न्यू मेक्सिको) इथल्या सरकारी डेपोंवर किमान 15 टक्के मँगनीज असलेला हलका मालही घेत. ट्रकभर माल आणायचा, नमुना तपासायचा, पैसे घ्यायचे. पैसे मात्र वजनावर नव्हे, ‘युनिट’वर: लाँग टनाचा, म्हणजे 1,016 किलोंचा, एक टक्का मँगनीज. माल 20 टक्क्यांचा असेल तर टनाला वीस युनिटं, दगड फुकट वाहून आणलेला. डेपोंचा कोटा दशकाच्या मध्यालाच भरला. उरली रेल्वे वॅगनभर मालाची योजना; तिला किमान 40 टक्के ग्रेड लागे. म्हणजे हातनिवड, धुलाई, नाहीतर दगड दळून मँगनीज वेगळं करणारी गिरणी. ज्यांच्याकडे पाणीसुद्धा टँकरने यायचं, त्यांना हे झेपणं कठीण होतं.

ऑगस्ट 1959 मध्ये तीही योजना संपली. टीकाकारांचं म्हणणं होतं की सिलिकाने भरलेला हा माल पोलाद कारखान्यांना नकोच होता, सरकार महागडे ढीग रचत होतं. यात तथ्य आहे. डेपोंवरचे ढीग पुढे कित्येक दशकं तसेच पडून होते. पण कच्चा माल उचलायचा की स्वच्छ करायचा, हे सरकारने आधी नीट ठरवलंच नाही. हलक्या मालाच्या भरवशावर शाफ्ट खणायला लावायचे आणि कोटा भरताच ग्रेडची अट पुढे करायची, हा व्यवहार खाणवाल्यांना फसवा वाटला असेल तर नवल नाही. खोल शिरांचा वाद फावड्याने सुटायच्या आतच पैसा संपला.

अमेरिकेत 20 टक्के वा अधिक ग्रेडचं मँगनीज धातुक 1970 नंतर निघालेलं नाही. 2018 मध्ये मँगनीज महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत आलं. मार्च 2022 मध्ये बॅटऱ्यांसाठी पुन्हा तोच 1950 चा कायदा बाहेर काढला गेला. या वेळी छोट्या शिरांकडे मात्र कुणी पाहत नाही. यंत्रांना मोठे, सलग साठे हवेत. जुन्या शाफ्टांसाठी खर्च होतो तो तोंडं बुजवण्यावर, आणि वटवाघळं राहत असतील तिथे त्यांना ये-जा करता येईल अशी लोखंडी जाळी बसवण्यावर.