राखणीचा कुत्रा: पाळी, झोप आणि साखळी

राखणीच्या कुत्र्याचं मुख्य काम चावणं नाही. चाहूल लागताच ती कळवणं, हे त्याचं काम. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५ किलोहर्ट्झपर्यंत. वास टिपणाऱ्या पेशी त्याच्या नाकात आपल्या कैक पट आहेत. डोळ्यांतल्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असल्याने अंधुक उजेडातली हालचालही तो चटकन पकडतो. हे सगळं जन्मजात आहे, पण ते रात्रभर धड चालेल की नाही, हे त्याला ठेवलंय कसं यावर ठरतं. उपाशी, बांधलेला आणि चिडका कुत्रा जास्त कडक पहारा देतो, असा समज अजून बराच पक्का आहे. प्रत्यक्षात होतं त्याच्या उलट.

आधी झोप. प्रौढ कुत्रा दिवसभरात १२ ते १४ तास झोपतो किंवा पेंगतो, पण तुकड्यातुकड्यांत. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात कुत्र्यांच्या रात्रीच्या वागण्याची निरीक्षणं घेतली, तेव्हा सरासरी १६ मिनिटं झोप आणि ५ मिनिटं जाग असं चक्र दिसलं. म्हणजे ८ तासांत अशी २३ चक्रं. तेव्हा गेटाशी पाय पसरून पडलेला कुत्रा कामचुकार नसतो. थोड्याच वेळात तो आपणहून मान वर करून कानोसा घेणार असतो. त्याला काठीने ढोसून उठवणं हा शुद्ध अडाणीपणा.

खरी अडचण दिवसाची. रात्रभर राबलेला कुत्रा सकाळी त्याच गेटावर राहतो. समोरून ट्रक जातात, माल चढतो-उतरतो, येणारा-जाणारा डिवचतो. झोपेचे ते १२ तास भरून निघतच नाहीत. अशा कुत्र्याला एक तर बारीक चाहूल लागत नाही, नाही तर पान हललं तरी तो भुंकतो. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण चार रात्रींत रखवालदाराचा कान त्या भुंकण्याला सरावतो आणि खरा चोर आला तरी कोणी उठत नाही. उपाय साधा आहे: दिवसा वर्दळीपासून दूर, अंधारी, हवेशीर जागा द्यावी आणि त्याच्या झोपेच्या वेळात तिथे कोणाला फिरकू देऊ नये. जागा मोठी असेल तर दोन कुत्रे आळीपाळीने.

आता साखळी. समोर धोका दिसला की मोकळा कुत्रा मागे सरतो, बाजूने वळसा घालून हुंगतो किंवा अंगावर जातो. साखळीने पहिले दोन मार्ग बंद होतात. त्यात वाटसरू रोज समोरून जातो. कुत्रा भुंकतो, वाटसरू पुढे निघून जातो. तो तसाही जाणारच होता, पण कुत्र्याच्या लेखी ते आपल्या भुंकण्याचं फळ असतं. दिवसाकाठी अशी पन्नास बक्षिसं मिळाल्यावर भुंकणं वाढत जातं, त्याला भीतीची जोड मिळते, आणि एक दिवस साखळी तुटली की पहिला चावा ओळखीच्याच माणसाला बसतो. चोराला तर साखळीचा फायदाच. सतत येरझाऱ्यांनी गवत उडून जमीन उघडी पडलेली असते, कुत्रा कुठवर पोचतो ते तिथेच दिसतं.

ब्रिटनमध्ये १९७५चा कायदा सांगतो की राखणीचा कुत्रा वापरताना त्याला ताब्यात ठेवणारा माणूस आवारात हजर हवा, नसेल तर कुत्रा मोकाट फिरू शकणार नाही असा बंदिस्त हवा, आणि प्रवेशाशी सूचनाफलक हवा. कामाच्या दृष्टीनेही हेच बरोबर आहे. हँडलरबरोबर, म्हणजे त्याला ताब्यात ठेवणाऱ्या माणसाबरोबर, पट्ट्यावर फेरी मारणारा कुत्रा चार कोपरे हुंगतो, पाय मोकळे करतो, आणि त्याचे कान कुठे वळले हे बघणारा माणूस शेजारी असतो. थोडा वेळ बांधावंच लागलं तर गळ्याला रुंद, सपाट पट्टा वापरा. खाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. साखळीला फिरती कडी हवी, नाही तर पीळ पडून ती आखूड होत जाते. आवळत जाणारी साखळी नको. भिंत किंवा कठडा उडी मारण्याच्या टप्प्यात असेल तिथे कधीच बांधू नका. पलीकडे उडी पडली की कुत्रा लटकतो.

पिंजऱ्यात कोंडलेल्या कुत्र्याचं दुखणं तोंड उघडलं की दिसतं. ओठ वर करून सुळ्याची मागची, म्हणजे दाढांकडची बाजू पाहा. ती घासून सपाट झाली असेल, तर कुत्रा तासन् तास जाळी चावतोय. तेवढी झीज झाली की सुळा वरून शाबूत दिसतो, पण दणकट पकडीत मोडतो. गोल गोल फिरणं, एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा उड्या मारणं ही त्याच त्रासाची रूपं. जाळी जाड करून काही साधत नाही. बाहेर फिरणं, हुंगण्याची कामं, चघळायला काहीतरी आणि माणसाचा सहवास द्यावा लागतो. उघड्या काँक्रीटवर झोपणाऱ्या भारी कुत्र्याच्या कोपरांवर आधी घट्टे पडतात, मग पाण्याने भरलेली मऊ गाठ येते. जमिनीपासून वीतभर उंच फळी आणि जाड अंथरूण एवढ्याने ती टळते.

३० किलोच्या कुत्र्याला साध्या कामासाठी दिवसाला १४०० ते १८०० किलोकॅलरी लागतात, पाणी दीड ते दोन लिटर, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. जेवण दोन वेळांत विभागावं आणि त्यानंतर किमान तासभर धावपळ नको. खोल छातीच्या जातींत पोट फुगून त्याला पीळ पडतो. पोट ताणलेलं, उबळ येते पण उलटी पडत नाही, कुत्रा अस्वस्थ, लाळ गळते. ही लक्षणं दिसल्यावर सकाळची वाट पाहू नये. काही तासांत जीव जातो.

कुत्र्याचं शरीर ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस तापमानावर चालतं. ४१च्या वर गेलं की धोका. घाम जवळपास फक्त पंजांच्या गाद्यांना येतो, बाकी भार धापांवर. धापा थांबत नाहीत, हिरड्या लालभडक, चाल अडखळती अशी अवस्था आली तर सावलीत नेऊन अंगभर पाणी ओतावं, वारा घालावा आणि तसंच दवाखान्यात न्यावं. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, आत उष्णता कोंडते.

गोदामांत आणखी एक गोष्ट हमखास नजरेआड होते: उंदरांचं औषध. रक्त गोठू न देणारी विषं कुत्र्याने थेट किंवा मेलेल्या उंदरातून खाल्ली, तर पहिले दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही. मग हिरड्या फिक्या पडतात, खोकला येतो, नाकातून किंवा लघवीतून रक्त जातं. वेळेत कळलं तर के जीवनसत्त्वाचे उपचार लागू पडतात, पण ते बरेच आठवडे द्यावे लागतात. विषाचा खोका फेकू नका, त्यावरचं नाव पशुवैद्याला लागतं. उंदीर आहेत तिथे लेप्टोस्पायरोसिसची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या रोगाची) लसही रेबीजच्या बरोबरीने घ्यावी.