एक डॉलरच्या नोटेवरचे चित्र

१४ फेब्रुवारी १९६६ रोजी ऑस्ट्रेलियात पौंड जाऊन डॉलर आला. नव्या एक डॉलरच्या नोटेवर मागच्या बाजूला झाडाच्या सालीवरच्या एका चित्राची नक्कल होती. मूळ चित्र उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडमधले मूळनिवासी चित्रकार डेव्हिड मलंगी यांचे. त्यात त्यांच्या कुळाच्या एका पूर्वजाच्या अंत्यविधीची कथा आहे. मलंगींना कुणी विचारले नव्हते. चित्रकार अनामिक असणार, असेच गृहीत धरले गेले. चूक उघड झाल्यावर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एच. सी. कूम्ब्स यांनी त्यांना १,००० डॉलर, एक पदक आणि मासेमारीचे साहित्य दिले.

मूळनिवासी उद्योजकांना पाठबळ देण्याची जी धोरणे ऑस्ट्रेलियात आज आहेत, त्यांची गोष्ट मला या नोटेपासून सांगावीशी वाटते. मोबदला कुणाला, हा एक प्रश्न. परवानगी देण्याचा हक्क कुणाचा, हा दुसरा, आणि तो जास्त अवघड.

त्याचे सर्वांत समंजस उत्तर चित्रकारांनीच शोधले. १९७१ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या या सरकारी वसाहतीत शाळेच्या भिंतीवर मधमुंगीचे चित्र उभे राहिले. मग पुरुषमंडळी मिळेल त्या फळ्यांवर रंगवू लागली आणि १९७२ मध्ये ‘पापुन्या तुला’ ही चित्रकारांच्याच मालकीची कंपनी निघाली. पण सुरुवातीच्या काही चित्रांत दीक्षा न झालेल्यांनी पाहू नयेत अशा पवित्र वस्तू उघड दिसत होत्या. इतर वस्त्यांतल्या जाणत्यांनी सक्त हरकत घेतली. धंदा थांबला नाही, चित्र बदलले. जे झाकायचे ते हळूहळू झाकले गेले, आणि ठिपक्यांची जी शैली पुढे जगभर गाजली, तिच्यामागे हे झाकणेही होते. काय विकायचे आणि काय नाही, हे ज्यांचे त्यांनीच ठरवले. मला यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते.

कायद्याला मात्र कूळ दिसत नव्हते. १९८८ च्या दहा डॉलरच्या विशेष नोटेवर मूळनिवासी कलाकार टेरी युंबुलुल यांनी घडवलेला ‘मॉर्निंग स्टार’ हा विधीतला पवित्र खांब छापला गेला. परवान्यावर त्यांची सही होती, तरी कुळातल्यांनी त्यांनाच जाब विचारला. ते कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये हरले. सामूहिक हक्कांची पुरेशी दखल कॉपीराइट कायदा घेत नसावा, हे मात्र न्यायाधीशांनी नोंदवले. तीन वर्षांनी निकाल थोडा पुढे सरकला. व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर मूळनिवासी चित्रकारांची चित्रे न विचारता उतरवली होती. पवित्र कथा लोकांच्या पायाखाली जाणार होत्या. १९९४ च्या त्या खटल्यात भरपाई ठरवताना कोर्टाने चित्रकारांना समाजात सोसावी लागणारी मानहानीही मोजली.

पुढची पावले पैशाच्या बाजूची. २०१० पासून चित्राच्या पुनर्विक्रीत चित्रकाराला ५ टक्के वाटा मिळू लागला. १ जुलै २०१५ पासून केंद्र सरकारच्या खरेदीत मूळनिवासींच्या उद्योगांसाठी उद्दिष्टे ठरली.

आणि २०१९ मध्ये इंडोनेशियात बनवलेली बूमरँग मूळनिवासींची म्हणून विकणाऱ्या एका घाऊक व्यापाऱ्याला २३ लाख डॉलरचा दंड झाला. तो झाला ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल, ग्राहक कायद्याखाली. कुळाची परवानगी हा त्या खटल्यातला मुद्दाच नव्हता.