टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? छोट्या होडीची मोटर निवडताना

मुंबईत मनोरीच्या खाडीत जाळं सोडून तासन्‌तास मंद चालणारी फायबरची होडी आणि जुहूच्या वाळूवरून लाटांत ढकलून काढावी लागणारी होडी, दोन्हींना ९.९ अश्वशक्तीची आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायची, मोटर पुरते. तरी दोन्हींना एकच मोटर योग्य ठरेल असं नाही. टू-स्ट्रोक घ्यावी की फोर-स्ट्रोक, हे ठरवताना किमतीच्या आधी तीन गोष्टी बघाव्यात: दिवसातले किती तास मोटर मंद चालते, ती रोज हाताने उचलावी लागते का, आणि टाकीत कोणतं पेट्रोल पडतं.

सगळा फरक सिलिंडरच्या आत सुरू होतो. निकोलाउस ओट्टोने १८७६ मध्ये चालवून दाखवलेल्या फोर-स्ट्रोक पद्धतीत क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांमागे एकदा जोर मिळतो. टू-स्ट्रोकमध्ये तो दर फेरीला मिळतो. जोसेफ डे या इंग्रज अभियंत्याच्या १८९१ च्या सुमाराच्या सोप्या रचनेतून पुढे आलेल्या टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखे वॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात आणि पिस्टनच वर-खाली होताना ती उघडतो, झाकतो. भाग कमी, वजन कमी, आणि मूठ फिरवताच मिळणारा जोर जास्त.

याच सोपेपणाची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते. मोटर मिनिटाला ५,००० फेरे मारत असेल तर एक फेरी १२ मिलिसेकंदांत संपते. फोर-स्ट्रोकमध्ये जळका वायू बाहेर ढकलायला आणि पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत घ्यायला ही अख्खी फेरी मिळते. टू-स्ट्रोकमध्ये दोन्ही कामं जेमतेम चार-पाच मिलिसेकंदांत उरकतात, आणि तीही एकाच वेळी. आत येणारं ताजं मिश्रणच जळक्या वायूला बाहेर रेटतं. बाहेर जायचं भोक तेव्हा उघडंच असतं, त्यामुळे न जळलेलं पेट्रोलही त्यातून निसटतं. कार्बुरेटरच्या (पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागाच्या) साध्या टू-स्ट्रोकमध्ये पाव हिस्सा पेट्रोल असं वाया जाऊ शकतं, आणि ते पंख्याजवळून थेट पाण्यात जातं. निवट्या आणि चिंबोऱ्या जिथे वाढतात त्या खाडीच्या पाण्यात.

मंद चालताना हे आणखी बिघडतं. थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ, कमी असला की आत येणारं मिश्रण इतकं थोडं असतं की जळका वायू पुरता निघत नाही, आणि उरलेल्या धुरात पुढची ठिणगी वाया जाते. मोटर अडखळत दोन-तीन फेऱ्यांतून एकदाच पेटते. न पेटलेलं प्रत्येक मिश्रण धुराड्यातून बाहेर. जाळ्याशेजारी सावकाश फिरणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोकच्या मागे पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो तो हाच.

म्हणूनच खर्चाचा हिशोब आपल्या कामावरून मांडावा. पूर्ण थ्रॉटलला ९.९ ची कार्बुरेटर टू-स्ट्रोक तासाला पाच लिटरच्या आसपास पेट्रोल घेते, त्याच ताकदीची फोर-स्ट्रोक साडेतीनच्या आसपास. दिवसाला असे चार तास धरले तर सहा लिटरचा फरक, आणि वर्षाचे २०० दिवस धरले तर १,२०० लिटर. मुंबईत लिटरला शंभर रुपयांच्या वर भाव आहे, म्हणजे वर्षाला लाखाच्या पुढे. त्यात टू-स्ट्रोकचं ऑइल वेगळं: लिटरला २० मिली, म्हणजे २० लिटर पेट्रोलमागे ४०० मिली. फोर-स्ट्रोकला पहिल्यांदा १० ते २० तासांनी आणि मग दर १०० तासांनी ऑइल बदलावं लागतं. या आकाराच्या मोटरला एका वेळी लिटरभर पुरतं. टू-स्ट्रोक स्वस्त म्हणून घेतली जाते, पण रोज चार तास चालणाऱ्या होडीला ती स्वस्त पडत नाही. महिन्यातून चार-सहा वेळाच निघणाऱ्या होडीला मात्र पडते.

ऑइल मिसळण्यात दोन चुका सारख्या होतात. पहिली, मोटारसायकलचं टू-टी ऑइल घालणं. ते हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डमध्ये त्याची राख ठिणगी देणाऱ्या प्लगवर आणि धुराच्या भोकात साचते. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं बघूनच घ्यावं. दुसरी, ‘जरा जास्त ऑइल म्हणजे जास्त काळजी’ हा समज. कार्बुरेटरच्या जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, ठरावीकच द्रव जातो. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल घटतं, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन उलट जास्त तापतो. नव्या मोटरला पहिले दहा तास लिटरला ४० मिली, पुढे पुस्तिकेत दिलं असेल तेवढंच. ते लिटरला २० मिली असेल तर २४ लिटरच्या लाल टाकीला ४८० मिली.

आता पेट्रोल. पंपावर आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकांत मर्यादा १० टक्क्यांची आहे, तेव्हा मोटर घेण्याआधी तिची पुस्तिका उघडून हा आकडा बघाच. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि टाकीत पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की पेट्रोलपासून वेगळं होऊन पाण्यासकट तळाशी बसतं. फोर-स्ट्रोकमध्ये हा थर आला तर मोटर बंद पडते, कार्बुरेटर साफ करावा लागतो. टू-स्ट्रोकमध्ये धोका मोठा आहे. मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं आणि नळी ओढते तळाचा थर, ज्यात ऑइल जवळपास नसतंच. कोरडा पिस्टन सिलिंडरला धरतो आणि इंजिन जॅम होतं. उपाय साधे आहेत: आठवड्यात संपेल एवढंच पेट्रोल भरावं, टाकी अर्धी रिकामी उन्हात ठेवू नये, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर नळीत बसवावा. त्याची वाटी पारदर्शक असेल तर खाली साचलेलं पाणी डोळ्यांनी दिसतं. जुन्या रबरी नळ्या मऊ पडल्या असतील तर बदलाव्यात.

एवढं सगळं फोर-स्ट्रोकच्या बाजूने असलं तरी किनाऱ्यावरून लाटांत निघणाऱ्या होडीसाठी टू-स्ट्रोकची बाजू अजून भक्कम आहे. ९.८ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक साधारण २६ किलोची मिळते, तशीच फोर-स्ट्रोक ३७ किलोच्या घरात जाते. ओहोटीला चिखलातून किंवा वाळूवरून मोटर खांद्यावर आणायची असेल तर हे ११ किलो रोज जाणवतात. टू-स्ट्रोक कुठल्याही कुशीवर आडवी ठेवता येते. फोर-स्ट्रोक चुकीच्या कुशीवर ठेवली की खालचं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. दोरी ओढताना ती अडली तर जोर लावू नये, आधी प्लग काढून ऑइल बाहेर येऊ द्यावं.

शिवाय होडी उलटली तर? मोटर बुडाली की खारं पाणी काही तासांतच बेअरिंग खायला लागतं. बाहेर काढताच गोड्या पाण्याने धुवावी, प्लग काढावेत, प्लगची भोकं खाली येतील अशी धरून दोरी वीसेक वेळा ओढावी, कार्बुरेटरचं पाणी काढून टाकावं, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावं, प्लग पुसून बसवावेत आणि मोटर लगेच चालू करावी. टू-स्ट्रोकचं एवढ्यावर भागतं. फोर-स्ट्रोकच्या तळातलं ऑइल दुधाळ झालेलं असतं. ते काढून नवं भरायचं, थोडं चालवून पुन्हा बदलायचं, रंग स्वच्छ येईपर्यंत. आत वाळू गेली असेल किंवा चालू मोटर बुडाली असेल आणि दोरी अडत असेल, तर फिरवूच नये. आतला पिस्टनचा दांडा वाकलेला असू शकतो. मेकॅनिक लवकर मिळणार नसेल तर मोटर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवावी. हवा लागली की गंज धरतो.

काही दुखणी दोन्हींची सारखीच. जाळ्याचा तुटका तंगूस (नायलॉनचा दोरा) पंख्याच्या दांड्याला गुंडाळला जातो आणि ब्लेडसारखा आतलं रबरी सील कापतो. मग खारं पाणी गिअरच्या डब्यात शिरतं. दर पंधरा दिवसांनी पंखा काढून दांडा बघावा, आणि १०० तासांनी गिअर ऑइल बदलावं. नवं ऑइल खालच्या भोकातून भरावं, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. वरून भरलं तर आत हवा अडकते. मोटर थंड करून मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली तर मोटर तिथेच बंद करून पाणी आत घेणारी जाळी बघावी. आपल्या खाड्यांत तिथे बहुतेक वेळा प्लास्टिकची पिशवी सापडते. पिशवी नसेल तर पाणी ओढणारा रबरी इम्पेलर झिजलेला असतो. तो वर्षातून एकदा बदलून टाकावा.

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत मोटर दोन महिने उभी राहते, तेव्हा तिचं खरं नुकसान होतं. आधी गोड्या पाण्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवावी, मग पेट्रोलची नळी काढून मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावी, म्हणजे कार्बुरेटरमध्ये चिकट साका राहत नाही. टू-स्ट्रोकला प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून दोरी सावकाश चार-पाचदा ओढली की पुरतं. फोर-स्ट्रोकला हे करावंच, पण त्याआधी ऑइलही बदलावं. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी असतं, ते दोन महिने बेअरिंगला लागून राहतं. बंदी उठायच्या दिवसापर्यंत ही ऑइलबदली पुढे ढकलू नये.