उपग्रहाचा पासंग

मंगळवार बाजारात भाजीवाल्या मावशींनी आधी रिकामा तराजू उचलला. एक पारडं किंचित खाली गेलं, तसा त्यांनी दुसऱ्यात चिंचोक्याएवढा खडा टाकला. पासंग गेला, मगच वांगी तोलली.

दुष्काळाच्या बातमीत ‘उपग्रहाच्या आकडेवारीनुसार’ असं आलं की आपण सोलापूरकर मान डोलावतो. उपग्रह कसा चुकेल? पण पासंग त्यालाही असतो.

हिरवं पान तांबडा प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोहोंच्या तुलनेतून निघणाऱ्या निर्देशांकावरून पिकाची तब्येत कळते. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ नियमावलीतही हा निर्देशांक आहे. आता उपग्रहाची अवरक्त नजरच मंदावली तर? मंगळवेढ्याची ज्वारी शिवारात डोलत असेल आणि आकड्यांत सुकलेली दिसेल.

ही भीती काल्पनिक नाही. समुद्राचा रंग टिपणाऱ्या नासाच्या ‘सीविफ्स’ उपकरणाचे (१९९७ ते २०१०) अवरक्त प्रकाश टिपणारे पट्टेच सर्वांत जास्त मंदावले. ते कळलं चंद्रामुळे. दर महिन्याला अख्खा उपग्रह फिरवून चंद्र पाहिला जाई. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, गवत नाही. त्याच्या पृष्ठभागाची परावर्तनक्षमता वर्षाला दहा कोटींत एक भाग इतकीच बदलते. म्हणजे चंद्र मंद दिसला तर मंदावलेली असते ती उपकरणाची नजर.

मात्र चंद्रप्रकाश कला आणि अंतराप्रमाणे बदलतो, शिवाय चंद्र आपल्याकडे पाहताना थोडा डोलतोही. म्हणून अमेरिकेत फ्लॅगस्टाफला दोन दुर्बिणींनी ३२ तरंगपट्ट्यांत वर्षानुवर्षं चंद्र मोजून तो कधी किती उजळ दिसायला हवा याचं गणिती प्रारूप बांधलं. सीविफ्स चंद्राकडे बघे ते सूर्य-चंद्र-उपग्रह कोन साधारण ७ अंश असताना. कोन शून्याजवळ गेला की धुळीच्या कणांच्या सावल्या कणांमागेच दडतात आणि चंद्र एकदम उजळतो. ती उसळी मोजणीला नको. या पद्धतीने चंद्राची नेमकी तेजस्विता काही टक्क्यांनी चुकू शकते, पण नजर महिन्यागणिक किती उतरली ते एका टक्क्याहूनही बारीक कळतं.

पौर्णिमेला माणसाचं डोकं फिरतं याला पुरावा नाही. चंद्रकलेचं खरं मोल मला या हिशोबात दिसतं.

२०१३ मध्ये सोडलेला, जमिनीची छायाचित्रं घेणारा अमेरिकेचा लँडसॅट-८ उपग्रह देखील दर महिन्याला पौर्णिमेच्या सुमारास चंद्राकडे वळतो. ते झालं की पुन्हा खाली, आपल्या शिवारांकडे. एकाच शिवारावर दर १६ दिवसांनी.