लिनक्स बसले, पण संगणक सुरू का होत नाही?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसल्यामुळे विंडोज ११ ला अपात्र ठरलेले कितीतरी धडधाकट लॅपटॉप एका दिवसात जुने ठरले. इंदूरमध्ये रामबाग, सुदामानगर अशा भागांतल्या मराठी घरांतली कॉलेजची मुले आता अशा लॅपटॉपवर विंडोजऐवजी किंवा तिच्या जोडीला लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे तिचे उबुंटू किंवा मिंट हे अवतार, बसवून पाहत आहेत, याचा मला मनापासून आनंद होतो. मात्र इन्स्टॉलेशन नीट पार पडल्यावर पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला की कधी काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढीच अक्षरे उमटतात, तर कधी काही घडलेच नाही अशा थाटात विंडोज उघडते, आणि लिनक्समुळे हार्ड डिस्क खराब झाली असा निष्कर्ष घरात लगेच काढला जातो. बहुतेक वेळा डिस्कला काहीही झालेले नसते.

बटण दाबल्यावर सर्वप्रथम जागे होते ते मदरबोर्डवरील चिपमधले फर्मवेअर (चिपमध्येच कायम साठवलेला प्रोग्राम), आणि पुढचा प्रोग्राम कोठून उचलायचा एवढेच त्याला ठरवायचे असते. या फर्मवेअरच्या दोन पद्धती आहेत: जुनी बायोस आणि नवी यूईएफआय. जुन्या बायोस पद्धतीत ते डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचते. त्यांतले ४४६ बाइट प्रोग्रामसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या (डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या) तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी असतात. ४४६ बाइटांत लिनक्सचे कर्नेल (तिचा मुख्य प्रोग्राम) शोधून काढणारा प्रोग्राम मावणे शक्य नसल्यामुळे ग्रब हा बूटलोडर (लिनक्स मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्राम) तिथे आपला एक इवलासा तुकडा ठेवतो. तो तुकडा जवळच ठेवलेला मोठा गाभा मेमरीत आणतो आणि हा गाभा लिनक्सच्या पार्टिशनमधून ग्रबचे उरलेले भाग उचलतो.

'ग्रब रेस्क्यू' दिसते ते या शेवटच्या टप्प्यावर. गाभा चालू झालेला असतो, पण उरलेले भाग त्याला ठरलेल्या जागी सापडत नाहीत; उदाहरणार्थ, कोणी विंडोजमधून एखादे पार्टिशन काढून टाकले आणि पुढच्या पार्टिशनचे क्रमांक बदलले. तिथेच 'एलएस' (ls) ही कमांड दिली की पार्टिशनची नावे कंसांत दिसतात. एकेक तपासून ज्यात ग्रबचे फोल्डर आहे ते गाभ्याला सांगितले की मेनू उघडतो. लिनक्स सुरू झाल्यावर ग्रब पुन्हा बसवावा, म्हणजे ही दुरुस्ती कायम राहते.

यूईएफआय पद्धतीची रचना निराळी आहे आणि मला तीच अधिक मोहक वाटते. इथे बूटलोडर ही फॅट-३२ पद्धतीच्या एका लहानशा पार्टिशनमधली साधी फाइल असते. त्या फाइलचा पत्ता आणि कोणाला आधी बोलवायचे तो क्रम मात्र मदरबोर्डवरच्या स्मृतीत नोंदलेला असतो. म्हणूनच लिनक्स डिस्कवर सुखरूप असूनही थेट विंडोज उघडू शकते. सुरू होताना एफ-२ किंवा एफ-१२ दाबून (कंपनीनुसार बटण बदलते) यादीत लिनक्सचे नाव दिसते का ते पाहावे आणि दिसल्यास ते वर आणावे. नाव मुळीच नसेल, तर पेनड्राइव्ह जुन्या 'लेगसी' पद्धतीने सुरू झाला होता का, हे आधी तपासावे. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून 'सिस' (sys) फोल्डरमधील 'फर्मवेअर' (firmware) उघडावे. त्यात 'ईएफआय' (efi) नावाचे फोल्डर नसेल, तर पेनड्राइव्ह लेगसी पद्धतीने सुरू झाला आहे; इन्स्टॉलेशनही असेच झाले असेल, तर इन्स्टॉलरने ग्रब जुन्या पद्धतीने लिहिला आहे आणि यूईएफआय तिकडे पाहणारच नाही.

'फॉर्मॅट मारा, सगळे ठीक होईल' या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. फॉर्मॅटने मुलांचे फोटो आणि प्रोजेक्ट जातात, पण मदरबोर्डवरचा क्रम जागचा हलत नाही. एका क्लिकमध्ये दुरुस्तीची हमी देणारे व्हिडिओही नेमका कोणता टप्पा अडला आहे हे न विचारताच उपाय सांगतात.

ग्रबचा मेनू दिसून त्यानंतर पडदा काळा होत असेल, तर बूटलोडरचे काम झालेले असते आणि संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा. मेनूत 'ई' दाबून 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' (nomodeset) लिहून पाहावे. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच लागू होतो. फर्मवेअरमधील सिक्युअर बूट (खात्रीची सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी सोय) बंद करण्यापूर्वी मात्र विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का ते पाहावे आणि असल्यास तिची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी, कारण या बदलानंतर विंडोज ती मागू शकते.