शेलीच्या ‘द चेंची’ची पहिली आवृत्ती : पार्श्वभूमी

इंग्रज कवी पर्सी बिश शेलीच्या ‘द चेंची’ या पाच अंकी पद्य शोकांतिकेच्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर प्रकाशक म्हणून लंडनच्या सी. अँड जे. ओलियर यांचे नाव आहे, वर्ष 1819 आहे आणि छपाईचे ठिकाण म्हणून केवळ ‘इटली’ असे छापलेले आहे. इंग्रजी नाटकाच्या पुस्तकावर असा उल्लेख का आला, हे समजून घेतले की या आवृत्तीच्या दुर्मिळतेचा बराचसा उलगडा होतो.

नाटकाचे कथानक प्रत्यक्ष घडलेले आहे. फ्रांचेस्को चेंची या रोममधील धनाढ्य आणि क्रूर सरदाराचा 1598 मध्ये पेत्रेल्ला येथील किल्ल्यात खून झाला. त्या आरोपावरून त्याची मुलगी बेआत्रिचे, तिची सावत्र आई लुक्रेत्सिया आणि तिचा भाऊ जाकोमो यांना पोप आठवे क्लेमेंट यांच्या कारकिर्दीत, 11 सप्टेंबर 1599 रोजी, देहदंड देण्यात आला; धाकट्या बेर्नार्दोला वयामुळे जीवदान मिळाले. बापानेच मुलीवर अत्याचार केला होता, ही गोष्ट रोममध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात असे. शेली दांपत्याला 1818 मध्ये या प्रकरणाच्या जुन्या हस्तलिखिताची प्रत मिळाली आणि मेरी शेलीने ती उतरवून घेतली. पुढे रोमच्या कोलोन्ना प्रासादात शेलीने बेआत्रिचेचे म्हणून दाखवले जाणारे चित्र पाहिले. ते चित्र ग्वीदो रेनी या इटालियन चित्रकाराचे मानले जाई. आज चित्रकार आणि चित्रातली मुलगी, दोन्हींबद्दल अभ्यासकांना शंका आहे, परंतु नाटकाच्या जन्माला त्या समजुतीचाही हातभार लागला.

लेखन 1819 च्या मे महिन्यात रोममध्ये सुरू झाले. 7 जून रोजी शेलीचा तीन वर्षांचा मुलगा विल्यम तेथेच मरण पावला. त्यानंतर हे कुटुंब इटलीतल्याच लिव्होर्नो या बंदराजवळच्या व्हिला वाल्सोव्हानो या घरात राहायला गेले आणि घराच्या माथ्यावरच्या काचेने बंदिस्त केलेल्या गच्चीत, इतरांना सोसवणार नाही अशा उन्हात बसून, शेलीने ऑगस्टमध्ये नाटक पुरे केले. ली हंट या लेखक मित्रास उद्देशून लिहिलेल्या अर्पणपत्रिकेवर मात्र 29 मे, रोम अशी तारीख आहे, म्हणजे नाटक पुरे होण्यापूर्वीची आणि मुलाच्या मृत्यूच्याही आधीची. ही तारीख जशीच्या तशी छापली गेली, हे मला या पुस्तकातले सर्वांत बोलके स्थळ वाटते.

छपाई लिव्होर्नोतच झाली. प्रती अवघ्या 250, आणि कारण अगदी व्यावहारिक होते: जकात आणि जहाजभाडे धरूनही लंडनच्या निम्म्या खर्चात काम होत होते, असे शेलीने थॉमस लव्ह पीकॉक या मित्राला कळवले. तथापि पुस्तक हे त्याचे मुख्य उद्दिष्ट नव्हते. नाटक लंडनच्या कोव्हेंट गार्डन रंगभूमीवर यावे, लेखकाचे नाव गुप्त राहावे आणि बेआत्रिचेची भूमिका एलायझा ओनील या अभिनेत्रीने करावी, अशी त्याची इच्छा होती. व्यवस्थापकाने विषय इतका आक्षेपार्ह ठरवला की अभिनेत्रीकडे संहिता देणेही त्याला अशक्य वाटले. रंगभूमीचा दरवाजा असा बंद झाल्यावर, 1820 च्या वसंतात, समुद्रमार्गे आलेल्या प्रती लंडनमध्ये शेलीच्या नावानिशी विक्रीस आल्या. काही समीक्षकांनी कवीच्या सामर्थ्याची दखल घेतली, परंतु विषयाबद्दल बहुतेकांनी घृणाच व्यक्त केली.

तरीही 1821 मध्ये लंडनमध्ये दुसरी आवृत्ती निघाली. शेलीच्या हयातीत अधिकृत दुसऱ्या आवृत्तीपर्यंत पोचलेले त्याचे हे एकमेव पुस्तक होय, आणि ज्याला आज आपण मुख्यतः भावकवी म्हणून वाचतो त्याच्या बाबतीत हा मान एका नाटकाला मिळावा, हे विसरता कामा नये. पुढच्याच वर्षी, 8 जुलै 1822 रोजी, तो लिव्होर्नोहून परतताना समुद्रात बुडाला.

प्रयोगाला मात्र फार काळ थांबावे लागले. 1886 मध्ये शेली सोसायटीने लंडनच्या इझ्लिंग्टन भागातील ग्रँड थिएटरात निमंत्रितांपुरता प्रयोग केला, कारण सार्वजनिक प्रयोगासाठी परवाना मिळत नव्हता. बेआत्रिचेची भूमिका अल्मा मरे यांनी केली. तो परवाना मिळून इंग्लंडमध्ये खुला प्रयोग झाला तो 1922 मध्ये, सिबिल थॉर्नडाइक यांच्या भूमिकेसह.