वाळूचा दगड की क्वार्टझाइट? आधी फोडून बघा

देवगड ओलांडून दक्षिणेला आलं की काळ्या कातळाची, म्हणजे बेसाल्टची, सद्दी संपत येते आणि त्याच्या खालचे कितीतरी जुने खडक वर दिसू लागतात. गोंधळ इथूनच सुरू होतो. पांढुरका, कणीदार, पट्टे असलेला दगड हातात आला की कुणी त्याला वाळूचा दगड म्हणतं, तर कुणी क्वार्टझाइट. पहिला गाळाचा, दुसरा रूपांतरित. दोन्हींत गारगोटीचेच कण असतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून काही ठरत नाही.

गाळाचा खडक कसा होतो, ते बघायला हर्णै किंवा वेळणेश्वरचा किनारा गाठावा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चिकटून झालेला दगड तिथे आहे. स्थानिक नाव करल. पाण्यातला चुना कणांमधल्या फटींत साचतो आणि त्यांना एकमेकांना चिकटवतो. हे काम काही हजार वर्षांतच उरकतं, त्याला खोल गाडलं जाण्याची गरज नसते. करलीतला शिंपला अजून शिंपलाच दिसतो. एरवी गाळावर गाळ चढतो, खालच्या थरातलं पाणी पिळून निघतं आणि चुना, सिलिका (गारगोटी जिची बनते ते द्रव्य) किंवा लोहाची संयुगं सिमेंटचं काम करतात. कण मात्र तेच राहतात.

रूपांतरात कणच बदलतात. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढतं. म्हणजे 10 किलोमीटरवर ते 300 अंशांच्या आसपास जातं. तिथे वरून आणि बाजूने दाब पडला की गारगोटीचे गोल कण नव्याने स्फटिकतात आणि त्यांच्या कडा एकमेकांत घट्ट अडकतात. फटी बुजतात. हे सगळं दगड घन असतानाच घडतं. वितळला, तर तो थंड झाल्यावर अग्निजन्य होईल, रूपांतरित नव्हे. शाळेच्या पुस्तकातलं ‘उष्णता व दाबामुळे’ पाठ होतं, पण न वितळता हा मुद्दा बहुतेकांच्या डोक्यातून निसटतो.

आता परीक्षा. पावसाने काळवंडलेला, शेवाळलेला पृष्ठभाग काही सांगत नाही. हातोडीने ताजा तुकडा काढा. डोळ्यांवर चष्मा हवाच, क्वार्टझाइटची कपची काचेसारखी उडते. फुटलेली बाजू दहापट भिंगाखाली धरा. वाळूचा दगड कणांना वळसा घालून, सिमेंटमधून फुटतो, म्हणून ती बाजू खरखरीत लागते आणि अंगठा घासला की कण सुटतात. क्वार्टझाइट कणांच्या आरपार फुटतो आणि ती बाजू साखरेच्या खड्यासारखी चमकते. वर पाण्याचा थेंब टाका. सच्छिद्र वाळूचा दगड तो शोषतो, क्वार्टझाइटवर तो तसाच बसून राहतो.

पट्ट्यांवर फार विसंबू नये. थरांचे पट्टे कणांच्या आकाराप्रमाणे बदलतात: खाली भरड, वर बारीक. रूपांतराचे पट्टे अभ्रकासारख्या चपट्या खनिजांच्या एका दिशेला लागण्याने पडतात, आणि शुद्ध क्वार्टझाइटमध्ये अभ्रक जवळजवळ नसतं. शिवाय जुन्या थरांच्या खुणा रूपांतरानंतरही टिकू शकतात. वेंगुर्ल्याजवळच्या रेडीच्या लोहखनिजाबरोबर सापडणाऱ्या हेमॅटाइट-क्वार्टझाइटचे (हेमॅटाइट म्हणजे लोहाचं एक खनिज) पट्टे मुळात गाळाचे थरच आहेत.

आम्लाचीही तीच गत. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने करल फसफसते, पण संगमरवरही फसफसतो. आम्लाने चुना कळतो, जन्म नाही. (लिंबाच्या रसाने करायचं असेल तर आधी दगडाची पूड करा, नाहीतर फारसं काही दिसणार नाही.) आणि जांभा या दोन्हींत बसत नाही. तो जागच्या जागी कुजलेल्या खडकाचा अवशेष आहे: पावसाने सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं.

खरी पंचाईत सिलिकानेच घट्ट बांधलेल्या वाळूच्या दगडाची. तोही कणांच्या आरपार फुटतो आणि जुन्या नोंदींत त्यालाही क्वार्टझाइटच म्हटलेलं असतं. तिथे हातोडी हरते. 0.03 मिलिमीटर जाडीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. मूळ गोल कणाभोवती धुळीची बारीक कडी आणि तिच्याबाहेर वाढलेली सिलिका दिसली तर तो गाळाचा. कडी पुसलेली आणि कडा करवतीच्या दात्यांसारख्या एकमेकांत शिरलेल्या असल्या तर रूपांतरित.